चालवून दाखवा

हंगेरीच्या दक्षिणेला, तिसा नदीच्या काठी सेगेड नावाचं विद्यापीठाचं शहर आहे. २०११ च्या सप्टेंबरात तिथे सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगची एक मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिच्या इतिवृत्तात चार पानांचा एक छोटा निबंध आहे, गॉर्डन फ्रेझर आणि आंद्रेआ आर्कुरी या दोघांनी लिहिलेला. आमच्याकडे ‘इव्होसूट’ नावाचं टूल आहे, ते जावा भाषेतल्या कोडसाठी आपणहून चाचण्या लिहितं, आणि ते असं चालतं, एवढाच त्याचा आशय. अशा निबंधाला ‘टूल डेमो’ म्हणतात. चार पानं निमित्तापुरती असतात. खरं काम असतं परिषदेच्या जागी लॅपटॉप उघडून ते टूल लोकांसमोर चालवून दाखवण्याचं.

या चार पानांविषयी मला मोठी आस्था आहे. पुढची दहा-बारा वर्षं स्वयंचलित चाचणीवरच्या संशोधनात इव्होसूटचं नाव सतत येत राहिलं, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण असं की टूल दाखवणं आणि टूल उपयोगी पडणं यांच्यात केवढं अंतर असतं, ते पुढे याच टूलच्या कर्त्यांनी स्वतः मोजलं. त्याकडे येतोच. आधी हा डेमो म्हणजे नेमकं काय, ते पाहू.

सॉफ्टवेअरची चाचणी आणि विश्लेषण या एकाच विषयाला वाहिलेली एक परिषद आहे, इंटरनॅशनल सिम्पोझियम ऑन सॉफ्टवेअर टेस्टिंग अँड अ‍ॅनालिसिस. या क्षेत्रातले लोक तिला ‘इस्टा’ म्हणतात. ती दरवर्षी वेगळ्या गावी भरते : २०१० मध्ये इटलीतलं त्रेंतो, २०११ मध्ये टोरंटो, २०१३ मध्ये स्वित्झर्लंडमधलं लुगानो. इथे मुख्य संशोधन निबंध व्यासपीठावरून वाचले जातात आणि डेमोंसाठी वेगळी वेळ राखून ठेवलेली असते. डेमोसाठीच्या अटी साधारण ठरलेल्या आहेत. चार पानांत टूलची ओळख, सोबत तीन ते पाच मिनिटांचा व्हिडिओ आणि टूल उतरवून घेता येईल असा पत्ता. मग प्रत्यक्ष परिषदेत दहा-पंधरा मिनिटांचं प्रात्यक्षिक, किंवा चहाच्या सुट्टीत एका टेबलामागे उभं राहणं.

व्यासपीठावरचा वक्ता आपल्या आलेखांच्या आड सुरक्षित असतो. टेबलामागच्या माणसाला तो आडोसा नसतो. समोर आलेला कुणीही विचारू शकतो, “हा आकडा बदलून बघू या?” किंवा त्याहून कठीण, “माझ्या पेनड्राइव्हवर माझा कोड आहे, त्यावर चालेल?”

आता ही टूल्स करतात काय, हेही सांगायला हवं. बाजारात माठ घ्यायला गेलं की आपण तो हातात धरून टिचकी मारतो. खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर कुठेतरी चीर आहे. यात पाणी भरावं लागत नाही. पण चोखंदळ गिऱ्हाईक तेवढ्यावर थांबत नाही. ते माठात पाणी ओतून थोडा वेळ वाट बघतं आणि खालची जमीन ओली झाली का, ते तपासतं. सॉफ्टवेअर तपासण्याच्या या दोनच मोठ्या रीती आहेत. प्रोग्रॅम न चालवता फक्त त्याचा कोड वाचून दोष हेरायचे, ही टिचकी. तिला स्थिर विश्लेषण म्हणतात. निरनिराळी माहिती देऊन प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालवायचा आणि तो कुठे गळतो ते पाहायचं, हे पाणी भरणं, ती चाचणी. फरक इतकाच की माठात ओतायला पाणी एकाच प्रकारचं असतं. प्रोग्रॅमला देता येईल अशा माहितीचे प्रकार मोजून संपत नाहीत.

इव्होसूट हे पाणी भरणाऱ्यांतलं. चाचण्या लिहिणं कंटाळवाणं असतं आणि प्रत्येक प्रोग्रॅमर ते उद्यावर ढकलतो. इव्होसूट हे काम उत्क्रांतीच्या रीतीने करतं. सुरुवातीला ते वाटेल तशा चाचण्यांचे संच बनवतं. प्रत्येक संच चालवून कोडच्या किती ओळी, किती फाटे त्याने गाठले ते मोजतं. जास्त गाठणारे संच ठेवतं, त्यांची आपसात सरमिसळ करतं, अधूनमधून एखादा आकडा किंवा फंक्शनला दिलेली एखादी हाक बदलतं, आणि पुन्हा मोजतं. शेतकरी चांगल्या कणसांचं बियाणं राखून ठेवतो, तसं हे पिढ्यान् पिढ्या चालतं. असे वाटेल ते प्रयोग करताना चाचणी चुकून यंत्रावरच्या फायली पुसून टाकू शकते, म्हणून इव्होसूट कोडला बंदिस्त कुंपणात चालवतं. वरवर किरकोळ वाटणारी ही सोय कुणीतरी एकदा हात पोळून घेतल्याशिवाय सुचत नाही, असा माझा अंदाज आहे.

टेबलावर हे दृश्य मोठं लोभस दिसतं. बटण दाबलं, दोन-एक मिनिटं आकडे पळाले, आणि ज्या कोडला एकही चाचणी नव्हती त्याला नीट मांडलेल्या वीस-पंचवीस चाचण्या मिळाल्या. गाठलेल्या ओळींचं प्रमाण, म्हणजे कव्हरेज, नव्वदीच्या घरात.

मात्र इथेच एक अवघड जागा आहे. समजा, एसटीच्या तिकिटाचा हिशेब करणारा कोड आहे. ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत, ६५ पूर्ण झालेल्यांना अर्धं तिकीट. लिहिणाऱ्याने ‘७५ किंवा जास्त’ असं लिहिण्याऐवजी चुकून ‘७५ पेक्षा जास्त’ असं लिहिलं. इव्होसूट हा फाटा बरोबर हुडकेल. ७५ हे वय देऊनही बघेल, कारण सीमेवरचे आकडे त्याला आवडतात. पण बरोबर ७५ वर्षांच्या आजोबांना अर्धं तिकीट लागतंय हे पाहून ते काय लिहील? ‘वय ७५ असेल तर अर्धं तिकीट लागलं पाहिजे’ अशी चाचणी. शासनाचा नियम त्याला ठाऊक नाही. कोड आज जे करतो, तेच ते बरोबर धरतं. चूक सापडत नाही, उलट चाचणीच्या रूपात ती पक्की नोंदली जाते. उत्तर बरोबर की चूक हे कुणी ठरवायचं, हा या क्षेत्रातला जुना आणि अजून न सुटलेला प्रश्न आहे. फ्रेझर आणि आर्कुरी यांनी तो लपवला नाही. ही विधानं कोडच्या सध्याच्या वागण्याचा सारांश आहेत, ती माणसाने तपासायची आहेत, असं त्यांनी त्या निबंधातच सांगितलं होतं. मात्र पडद्यावर नव्वद टक्के हिरवं दिसत असताना हे वाक्य किती जणांच्या लक्षात राहतं?

टिचकी मारणाऱ्या टूलांची अडचण वेगळ्या जातीची आहे. या घराण्यातलं फार गाजलेलं मूळ टूल म्हणजे १९७८ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी लिहिलेलं ‘लिंट’. कपड्याला चिकटणाऱ्या सुताच्या बारीक तंतूंवरून त्याचं नाव पडलं, कारण ते सी भाषेतल्या कोडमधले असे बारीकसारीक दोष वेचून दाखवायचं. तेव्हापासून आजपर्यंत या टूलांना एक तक्रार चिकटून आहे. ती नसलेल्या चुकाही दाखवतात. याचं मूळ टूल लिहिणाऱ्याच्या आळसात नाही, गणितात आहे. दिलेला कोणताही प्रोग्रॅम कधी थांबेल की अखंड चालत राहील, हे दर वेळी अचूक सांगणारी एकच पद्धत असू शकत नाही, हे अ‍ॅलन ट्यूरिंग यांनी १९३६ मध्ये दाखवलं. १९५३ मध्ये हेन्री राइस यांनी ते आणखी व्यापक केलं : प्रोग्रॅमच्या वागण्याविषयीचा कोणताही अर्थपूर्ण प्रश्न घ्या, सगळ्या प्रोग्रॅमांसाठी त्याचं अचूक उत्तर देणारं यंत्र बनत नाही. म्हणजे प्रत्येक टूलला निवड करावी लागते. काही खऱ्या चुका निसटू द्यायच्या, की काही खोट्या चुका दाखवायच्या, की ‘मला सांगता येत नाही’ असं म्हणून थांबायचं.

एखाद्या ठरावीक घडणीच्या कोडपुरतं मात्र फार पुढे जाता येतं. पॅरिसमध्ये पात्रिक कुझो आणि सहकाऱ्यांनी बनवलेल्या ‘आस्त्रे’ या टूलने नोव्हेंबर २००३ मध्ये एअरबस ए-३४० विमानाच्या मुख्य उड्डाण-नियंत्रणाचा १,३२,००० ओळींचा सी कोड तपासला. चालताना कोलमडायला लावणाऱ्या चुका त्यात एकही नाही, हे सिद्ध करायला साध्या संगणकावर १ तास २० मिनिटं लागली. हे जमलं, कारण विमानातला कोड कसा लिहिला जातो हे बनवणाऱ्यांनी नीट अभ्यासलं होतं आणि टूल त्या कोडसाठी घासूनपुसून घेतलं होतं. तेच टूल कुणाच्याही वेबसाइटच्या कोडवर चालवलं असतं तर हा निकाल मिळाला नसता.

सामान्य कोडवर खोट्या इशाऱ्यांचं काय होतं, हे ‘लांडगा आला रे आला’ ऐकून मोठ्या झालेल्या आपल्याला सांगायला नको. स्टॅनफर्ड विद्यापीठात डॉसन एंगलर यांच्या गटाने असंच एक टूल बनवलं आणि ‘कव्हेरिटी’ ही कंपनी काढून ते बाजारात नेलं. काही वर्षांनी, २०१० मध्ये, त्यांनी आपले अनुभव लिहिले. गिऱ्हाइकाकडे जायचं, त्याच्याच कोडवर त्याच्याच समोर टूल चालवायचं आणि निघालेल्या चुका भरल्या खोलीत एकेक करून दाखवायच्या, ही त्यांची विक्रीची रीत. परिषदेतला डेमो यापुढे सौम्य म्हणावा लागेल, कारण गिऱ्हाइकाकडे समोरची माणसं ज्यांच्या कोडमधली चूक दाखवली जातेय तीच असतात. एंगलर यांच्या गटाचा अनुभव असा की खोटे इशारे ३० टक्क्यांच्या वर गेले की लोक टूलकडे बघणं सोडून देतात. आणि चूक खरी असूनही समजायला अवघड असेल, तर लोक तिलाच खोटी म्हणतात. चूक शोधण्याइतकंच ती समजावून सांगणं कठीण, हे ज्ञान प्रयोगशाळेत बसून मिळणारं नाही.

डेमो पाहायला जाणाऱ्याने एक गोष्ट आधी बघावी, असं मला वाटतं : उदाहरण कुणाचं आहे? टेबलामागच्या माणसाने स्वतः लिहिलेल्या चाळीस ओळींच्या प्रोग्रॅमवर त्याचं टूल चालणारच. त्या चाळीस ओळी टूलच्या मापाने शिवलेल्या असतात. त्यात कपट असेलच असं नाही. दहा मिनिटांत समजेल असं उदाहरण लहानच घ्यावं लागतं. पण त्यानंतर एखादं परकं, खडबडीत, टूलचं नावही न ऐकलेल्या माणसाने लिहिलेलं सॉफ्टवेअर घेऊन दाखवलं, तर त्या दहा मिनिटांचं वजन बदलतं.

परक्या सॉफ्टवेअरवरचं माझं सर्वांत आवडतं प्रात्यक्षिक परिषदेत झालेलं नाही, तरी इथे सांगायलाच हवं. त्याची पूर्वपीठिका १९८८ ची. अमेरिकेत मॅडिसनला विस्कॉन्सिन विद्यापीठातले प्राध्यापक बार्टन मिलर एका वादळी रात्री घरून फोनच्या तारेवरून विद्यापीठाच्या संगणकावर काम करत होते. पावसामुळे तारेवर खरखर येत होती आणि त्यांनी टाइप केलेल्या मजकुरात भलतीच अक्षरं घुसत होती. ती अक्षरं पोटात गेल्यावर युनिक्सचे नेहमीचे, भरवशाचे प्रोग्रॅम कोलमडत होते. मिलर यांनी तोच वर्गाचा प्रकल्प केला : प्रोग्रॅमना अर्थहीन अक्षरं खायला घाला आणि बघा. १९९० मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार तपासलेल्या प्रोग्रॅमपैकी सुमारे पाव ते एक तृतीयांश कोलमडले किंवा अडकून पडले. या रीतीला ‘फझिंग’ हे नाव तेव्हाच मिळालं.

पंचवीस वर्षांनी मिखाउ झालेव्स्की यांनी ‘अमेरिकन फझी लॉप’ नावाचं टूल काढलं, सशाच्या एका जातीवरून नाव घेतलेलं. त्यात भर एकाच कल्पनेची होती. नुसती वाटेल ती अक्षरं फेकायची नाहीत. फेकलेल्या ज्या फायलीमुळे प्रोग्रॅम आतल्या एखाद्या नव्या वाटेने गेला, ती राखून ठेवायची आणि पुढचे बदल तिच्यात करायचे. २०१४ मध्ये झालेव्स्की यांनी जेपीईजी चित्रं उलगडणाऱ्या एका प्रोग्रॅमला सुरुवातीला फक्त ‘हेलो’ एवढा शब्द असलेली फाइल दिली. जेपीईजी म्हणजे काय, याची टूलला काहीच कल्पना नव्हती. बदल करता करता त्याच्या लक्षात आलं की पहिलं अक्षर एका विशिष्ट मूल्याचं केलं तर प्रोग्रॅम वेगळ्या वाटेने जातो. मग दुसरं अक्षर. मग पुढचं. आठ गाभ्यांच्या संगणकावर सुमारे सहा तासांनी पहिलं वैध चित्र तयार झालं : ३ बिंदू रुंद, ७८४ बिंदू उंच, करड्या रंगाचा कोरा पट्टा. दिसायला काहीच नाही. पण ‘हेलो’पासून तिथपर्यंतचा रस्ता कुणीही दाखवलेला नव्हता. फझिंग काय करतं, हे समजावणारी शेकडो पानं मी वाचली असतील. त्या करड्या पट्ट्याने ते जितकं समजलं, तितकं एकाही पानाने समजलं नाही.

डेमोला एक मर्यादा उरतेच. टूल चालतं ते त्याच्या कर्त्याच्या यंत्रावर, कर्त्याच्या हातून. दुसऱ्याच्या यंत्रावर ते उभं राहतं का? अ‍ॅरिझोना विद्यापीठात ख्रिश्चन कोलबर्ग आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं. संगणकशास्त्रातल्या ६०१ निबंधांतून त्यांनी कोडवर आधारलेले ४०२ वेगळे काढले आणि त्यांचा कोड मिळवून तो बांधून बघायचा प्रयत्न केला. अर्ध्या तासात बांधता आला असा कोड जेमतेम ३२ टक्के निबंधांचा होता. कुणाचा कोड हरवला होता, कुणाचा विद्यार्थी पदवी घेऊन निघून गेला होता. २०१६ मध्ये हा अभ्यास सविस्तर छापून आला.

या दुखण्यावरचा एक उपाय त्याच सेगेडच्या परिषदेत सुरू झाला होता. इव्होसूटचा डेमो जिथे झाला तिथेच, त्याच वर्षी. निबंध स्वीकारला गेल्यावर लेखकांनी हवं तर आपलं टूल आणि माहितीसाठा एका वेगळ्या समितीकडे द्यायचा. समितीतल्या लोकांनी, त्यांत तरुण संशोधकांचा भरणा असतो, तो आपल्या यंत्रावर चढवायचा, निबंधातले आकडे निघतात का ते बघायचं आणि निकाल द्यायचा. परिषदेच्या कार्यक्रमाची सूत्रं आंद्रेआस झेलर यांच्याकडे होती. ही समिती चालवण्यात श्रीराम कृष्णमूर्ती यांचा पुढाकार होता. आज अशा परिषदांच्या निबंधांच्या पहिल्या पानावर छोटे रंगीत बिल्ले दिसतात : टूल उपलब्ध आहे, टूल चालतं, टूल पुन्हा वापरण्याजोगं आहे, निकाल दुसऱ्यांनाही मिळाले. हे बिल्ले मिळवून देणारं काम विनामोबदला, रात्री जागून, दुसऱ्याच्या अपुऱ्या सूचना वाचत केलेलं असतं. विज्ञानात अशा कष्टांची दखल फार कमी घेतली जाते, म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

आता इव्होसूटकडे परत. टूल चालतं, दुसऱ्याच्या यंत्रावरही चालतं. पण ते हाती आल्यावर सामान्य प्रोग्रॅमरला जास्त चुका सापडतात का? २०१३ मध्ये लुगानोच्या इस्टा परिषदेत फ्रेझर, आर्कुरी आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी याचं उत्तर मांडलं. त्यांनी ४९ जणांचे दोन गट केले. एकाने चाचण्या हाताने लिहिल्या, दुसऱ्याने इव्होसूटच्या मदतीने. हाताने लिहिणाऱ्यांच्या तुलनेत मदत घेणाऱ्यांचं कव्हरेज काही ठिकाणी ३०० टक्क्यांपर्यंत जास्त निघालं. सापडलेल्या चुकांच्या संख्येत मात्र मोजता येईल असा काहीच फरक पडला नाही.

इतकी वर्षं खपून उभं केलेलं टूल, परिषदांतून हौसेने दाखवलेलं, आणि त्याच्याबद्दलचा हा निकाल त्याच्याच कर्त्यांनी भरसभेत मांडला. एसटीच्या तिकिटाचं उदाहरण आठवलं तर निकालाचं आश्चर्य वाटत नाही. चाचणी मिळाली तरी तिच्यातलं विधान बरोबर आहे का, हे माणसानेच वाचून ठरवायचं असतं, आणि दुसऱ्याने लिहिलेली चाचणी वाचणं हे स्वतः लिहिण्याइतकंच दमवणारं असतं. त्याआधी दोनच वर्षं टोरंटोच्या परिषदेत ख्रिस पार्निन आणि अलेस्सांद्रो ओर्सो यांनी अशीच परीक्षा घेतली होती. चूक बहुधा कोणत्या ओळीत आहे, याची क्रमवार यादी देणाऱ्या टूलांची. संशोधक वर्षानुवर्षं धरून चालले होते की माणूस यादी वरून खाली वाचत जाईल आणि चुकीची ओळ आली की ओळखेल. माणसं तसं करत नाहीत. ती यादीत उड्या मारतात, आपला अंदाज पडताळून बघतात, आणि चुकीची ओळ डोळ्यांसमोर असूनही ती चूक आहे हे अनेकदा लगेच ओळखत नाहीत.

टूल तेच असलं तरी ते कधी आणि कुठे समोर येतं, यानेही फरक पडतो. फेसबुकमध्ये ‘इन्फर’ हे स्थिर विश्लेषणाचं टूल सुरुवातीला सगळ्या कोडवर चालवून चुकांची यादी प्रोग्रॅमरांना दिली जायची. दुरुस्त होणाऱ्या चुका जवळपास शून्य टक्के. मग तेच टूल, प्रोग्रॅमर नवा बदल तपासणीला पाठवतो त्या क्षणी चालवून, इशारा त्या बदलाशेजारीच दाखवला जाऊ लागला. दुरुस्तीचं प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास गेलं. विश्लेषणाच्या गणितात यासाठी काही बदलावं लागलं नव्हतं.

टेबलापेक्षा कडक असा आणखी एक आखाडा आहे, आणि तिथे पुण्याचं नाव आदराने घेतलं जातं. २०१२ पासून दरवर्षी प्रोग्रॅम पडताळणाऱ्या टूलांची स्पर्धा होते. तिचे संयोजक दिर्क बायर, आणि तिचे निकाल ‘टाकास’ या युरोपीय परिषदेत जाहीर होतात. हजारो प्रोग्रॅम, प्रत्येकासाठी संगणकाची १५ मिनिटं आणि १५ गिगाबाइट स्मृती. टूलच्या कर्त्याचा हात कुठेच लागत नाही. गुण देण्याची पद्धत तर मला फारच आवडते. खरी चूक दाखवली, १ गुण. चूक नाही हे बरोबर सिद्ध केलं, २ गुण. नसलेली चूक दाखवली, १६ गुण वजा. आणि चूक असताना ‘चूक नाही’ असा निर्वाळा दिला, तर ३२ गुण वजा. ‘सांगता येत नाही’ म्हटलं तर शून्य. खोट्या ग्वाहीची किंमत खोट्या इशाऱ्याच्या दुप्पट ठेवणारे हे नियम पाहिले की विमान, गाडी, हृदयाचा पेसमेकर अशा गोष्टी हा आराखडा करणाऱ्यांच्या मनात असाव्यात, असं वाटतं.

या स्पर्धेत एखादी विशिष्ट स्थिती प्रोग्रॅममध्ये कधी येऊ शकते का, हे ठरवण्याचा जो मोठा गट आहे, त्यात २०१९, २०२० आणि २०२१ अशी सलग तीन वर्षं ‘व्हेरिअ‍ॅब्ज’ हे टूल पहिलं आलं. ते पुण्यातल्या टाटा कन्सल्टन्सीच्या संशोधन विभागाचं. १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या टाटा संशोधन केंद्राची परंपरा त्यामागे आहे. पडताळणीत सर्वांत छळणारी गोष्ट म्हणजे कोडमधली आवर्तनं : तेच काम हजार वेळा, लाख वेळा करणारा भाग. एकेक फेरी तपासत बसलं तर आयुष्य पुरत नाही. व्हेरिअ‍ॅब्ज आवर्तनाची घडण बघून त्याला साजेशी युक्ती निवडतं. शक्य असेल तिथे लाखो फेऱ्यांच्या जागी त्या सगळ्यांना सामावून घेणारं छोटं रूप बसवतं आणि ते तपासतं. २०१९ मध्येच प्राग शहरात चाचणी निर्माण करणाऱ्या टूलांची अशीच एक स्पर्धा पहिल्यांदा झाली, आणि तीही याच गटाच्या ‘व्हेरिफझ’ने जिंकली. झालेव्स्कींच्या सशाची रीत आणि कोड वाचून काढलेली माहिती यांची सांगड त्यात घातली आहे, म्हणजे टिचकी आणि पाणी दोन्ही. भारतातली सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगची स्वतःची परिषद २००८ मध्ये सुरू झाली, दुसऱ्याच वर्षी ती पुण्यात भरली, आणि २०१४ मध्ये या विषयाची सर्वांत मोठी आंतरराष्ट्रीय परिषद हैदराबादला आली. आपल्याकडे सॉफ्टवेअर म्हणजे दुसऱ्याने सांगितलेलं काम, अशी एक समजूत घट्ट बसली आहे. पुण्याच्या हडपसर भागात बसून जगातल्या नामवंत विद्यापीठांच्या टूलांच्या पुढे जाणाऱ्या या माणसांविषयी मराठीत फार थोडं लिहिलं गेलं आहे.

२०१४ च्या उन्हाळ्यात सॅन होजेला इस्टा भरली, तेव्हा डेमोंमध्ये एक चार पानी निबंध वेगळ्याच गोष्टीचा होता. रेने जस्ट, दारियुश जलाली आणि मायकेल अर्न्स्ट यांनी चुका शोधणारं टूल आणलं नव्हतं. त्यांनी चुकाच आणल्या होत्या. जावातल्या पाच मुक्त प्रकल्पांच्या इतिहासातून वेचलेल्या, खऱ्या प्रोग्रॅमरांनी खरोखर केलेल्या ३५७ चुका : आलेख काढणाऱ्या प्रोग्रॅममधल्या २६, गुगलच्या क्लोजर कंपायलरमधल्या १३३, मजकूर आणि इतर किरकोळ कामांच्या कोड-लायब्ररीतल्या ६५, गणिताच्या कोड-लायब्ररीतल्या १०६, तारीख-वेळेच्या हिशेबातल्या २७. प्रत्येक चुकीबरोबर ती असताना फसणारी चाचणी आणि चूक सुधारलेला कोड. संग्रहाचं नाव ‘डिफेक्ट्स-फॉर-जे’. यानंतर टेबलामागच्या माणसाला विचारायचा प्रश्न सोपा झाला : तुझं टूल या ३५७ पैकी किती पकडतं?

आता त्या टेबलांवर भाषा-मॉडेलांवर उभारलेली टूल्स आली आहेत. ती चाचण्या लिहितात, चुका दुरुस्त करतात, आणि आपण काय केलं ते अस्खलित भाषेत समजावतात. डिफेक्ट्स-फॉर-जेचा सगळा संग्रह, त्यातल्या दुरुस्त्यांसकट, दहा वर्षं सर्वांसाठी खुला आहे. तेव्हा मॉडेलने चूक शोधली की शिकताना वाचलेलं उत्तर आठवलं, हे त्या ३५७ वरून आता सांगता येत नाही. म्हणून परिषदेतला चाणाक्ष पाहुणा पुन्हा आपला पेनड्राइव्ह काढतो. त्यावर काल रात्री लिहिलेला, अजून कुठेही न ठेवलेला कोड असतो, आणि त्यात नेमकी कुठे चूक आहे ते फक्त त्यालाच माहीत असतं.